न दिसणारे तपमान : स्वयंचलित गिअरपेटीतील तेलाची गोष्ट

(वाहने व यंत्रसामग्री यांच्या देखभालीशी संबंधित अधिकारी-कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मोटारगाडीच्या चालकासमोरील फलकावर इंजिनाच्या तपमानाचा काटा, निदान एक तांबडा दिवा तरी असतोच. घाट चढताना काटा वर सरकू लागला की चालक सावध होतो, गाडी कडेला घेतो आणि बोनेट उघडून उभा राहतो. महाराष्ट्रातील चालकांच्या हाडीमांशी ही सवय खिळलेली आहे. परंतु त्याच गाडीच्या पोटात आणखी एक तेल तापत असते आणि त्याचे तपमान दाखविणारा काटा बहुसंख्य गाड्यांत नसतो. हे तेल म्हणजे स्वयंचलित गिअरपेटीतील तेल. कार्यशाळेच्या भाषेत एटीएफ. इंजिनाच्या पाण्याचा काटा नेहमीच्या जागी, नव्वद अंशांच्या आसपास स्थिर असताना हे तेल १२० अंशांवर गेलेले असू शकते. चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. लागतो तो काही महिन्यांनी, गाडी गिअर उशिरा घेऊ लागली म्हणजे. आणि तोवर दुरुस्तीचा खर्च तेलाच्या किमतीच्या कित्येक पट झालेला असतो.

स्वयंचलित गिअरच्या गाड्या ही एके काळी परदेशी चैनीची गोष्ट मानली जाई. ती स्थिती आता राहिलेली नाही. कार्यालयांच्या आवारात अशा गाड्या दिसतात आणि शहर वाहतुकीच्या बसमध्ये ही यंत्रणा आली आहे. खेड्यापाड्यांतून नाल्यांचे खोलीकरण करणारे, मुरूम उचलणारे जे पिवळे यंत्र गावकऱ्यांच्या तोंडी सरसकट ‘जेसीबी’ झाले आहे, त्या जातीच्या यंत्रांतही इंजिनाची शक्ती चाकांकडे पोचविण्यासाठी तेलाचाच आधार घेतलेला असतो. म्हणजे ज्या ग्रामपंचायतीकडे स्वतःची एकही मोटार नाही, तिचाही या तेलाशी संबंध येतो.

तेलाकडून काय अपेक्षा असते?

साध्या गिअरपेटीतील तेलाचे काम मर्यादित असते. दातेरी चाके एकमेकांवर घासू नयेत एवढे त्याने पाहिले की पुरे. स्वयंचलित गिअरपेटीतील तेलाला मात्र एकाच वेळी अनेक चाकऱ्या कराव्या लागतात. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचे एक बंद भांडे असते. त्यात दोन पाती-चक्रे समोरासमोर बसविलेली असतात. एक इंजिनाबरोबर फिरते व तेल फेकते. त्या तेलाच्या माऱ्याने दुसरे फिरते आणि चाकांना गती देते. मधले तिसरे लहान चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा बदलून जोर वाढविते. धातूचा धातूशी कोठेही सांधा नाही. शक्तीचे वहन करते ते तेल. याच तेलाच्या दाबाने आतील क्लचप्लेटा आवळल्या जातात व सैल होतात, म्हणजे गिअर बदलण्याचे कामही तेलच करते. शिवाय दातेरी चाकांना वंगण पुरवावयाचे, प्लेटांना नेमके हवे तेवढे घर्षण मिळू द्यावयाचे (फार घसरण नको, फार चिकटणेही नको), आणि या सर्वांतून निर्माण झालेली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकावयाची. एवढे सगळे करणारे दुसरे तेल मोटारीत नाही.

या यंत्रणेचा उगम मोटारीत नव्हे, जहाजात आहे, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. हेर्मान फॉटिंगर हा जर्मन अभियंता त्या वेळी जर्मनीत असलेल्या श्टेटिन येथील व्हल्कान जहाज कारखान्यात काम करीत होता. वाफेचे टर्बाइन अतिशय वेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो. या दोहोंचा मेळ तेलाच्या वा पाण्याच्या प्रवाहाने घालावा ही त्याची कल्पना. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. मोटारीत ती स्थिरावण्यास पुढे तीन दशके लागली. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने ‘हायड्रामॅटिक’ नावाची पूर्णतः स्वयंचलित गिअरपेटी १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविली. लगेच महायुद्ध आले आणि तीच गिअरपेटी अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत गेली. रणगाडा हाकताना गिअरकडे लक्ष द्यावे न लागणे ही सैनिकाच्या दृष्टीने मोठीच सोय होती. टॉर्क कन्व्हर्टरची ‘डायनाफ्लो’ ही गिअरपेटी ब्यूक गाड्यांत १९४८ साली आली.

या यंत्रणांसाठी साधे इंजिन ऑइल पुरे पडेना, म्हणून १९४९ साली जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे खास तेलाचे मानक ठरविले. आज बहुतेक एटीएफ तांबड्या रंगाचे असते. तो रंग तेलाचा गुण नव्हे, गळती कोठली हे ओळखता यावे यासाठी मुद्दाम मिसळलेला असतो. गाडीखाली काळा डाग दिसला तर इंजिनाचे तेल, तांबडा दिसला तर गिअरचे. या तेलाच्या इतिहासातला एक भाग मात्र आज वाचताना अस्वस्थ करतो. प्लेटांचे घर्षण सुरळीत राहावे आणि तापले तरी तेल टिकावे म्हणून त्यात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जात असे. घरोघरच्या मोटारीसाठी समुद्रातला हा प्राणी मारला जात होता. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाचा समावेश संरक्षित प्राण्यांत केला आणि तेल-उत्पादकांना कृत्रिम पर्याय शोधावे लागले. राजस्थानच्या कोरडवाहू भागात ज्याची लागवड झाली त्या होहोबाच्या बियांतले द्रव्य रासायनिक दृष्ट्या या तेलाशी बरेच जुळते, म्हणून त्या काळात त्याचाही विचार झाला होता. आजच्या तेलात हे काम कारखान्यात बनविलेली रसायने करतात.

उष्णता कोठून येते?

टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन चक्रांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी शक्ती तेलाच्या घुसळणीत खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. गाडी सपाट रस्त्यावर एका वेगाने चालली असता हा फरक थोडा असतो. नव्या गाड्यांत तर त्या वेळी एक क्लच आवळून दोन्ही चक्रे एकत्र जखडण्याची सोय असते, मग घुसळण जवळजवळ थांबते. पण ही जखड सुटलेली असेल आणि कन्व्हर्टर शेकडा ८५ कार्यक्षमतेने चालत असेल, तर इंजिनाच्या ६० किलोवॅटपैकी ९ किलोवॅट तेलात उष्णता म्हणून उतरतात. एक किलोवॅटच्या नऊ विजेच्या शेगड्या तेलाच्या भांड्याखाली पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

याहून बिकट अवस्था म्हणजे इंजिन जोर करीत आहे आणि चाके जागची हलत नाहीत. त्या वेळी कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य असते. जेवढी शक्ती आत जाते तेवढी सगळी उष्णता होते. त्याचा हिशेब कोणाही शिक्षकाने आठवी-नववीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा इतका सोपा आहे. गिअरपेटीत आठ लिटर तेल आहे असे धरले तर त्याचे वजन सुमारे सात किलो भरते. एक किलो तेल एका अंशाने तापविण्यास साधारण दोन किलोज्यूल लागतात. म्हणजे साऱ्या तेलाला एका अंशामागे चौदा. इंजिन २० किलोवॅट शक्ती ओतीत असेल, तर दर सेकंदाला २० किलोज्यूल उष्णता निर्माण होईल आणि तेलाचे तपमान सेकंदाला जवळजवळ दीड अंशाने चढेल. अर्ध्या मिनिटात चाळीस अंशांहून अधिक. गिअरपेटीचे ॲल्युमिनियमचे कवच व आतले लोखंड यांतली काही उष्णता शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षातली चढ थोडी सावकाश असते. तरीही आकडा डोळे उघडणारा आहे. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्याची जी चाचणी मेकॅनिक घेतात, ती पाच सेकंदांपेक्षा अधिक लांबवू नये अशी सूचना दुरुस्तीच्या पुस्तकांत सापडते, तिचे कारण हेच.

किती तपमान सुरक्षित?

साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस हा या तेलाच्या कामाचा सुखाचा पट्टा समजला जातो. अमेरिकेतील कार्यशाळांत गेली कित्येक वर्षे एक कोष्टक फिरत आले आहे. ८० अंशांच्या आसपास राहिलेले तेल सुमारे १,६०,००० किलोमीटर टिकते असे त्यात धरले आहे. तेथून पुढे दर ११ अंशांना आयुष्य निम्मे : ९१ अंशांना ८०,०००, १०२ अंशांना ४०,०००, ११३ अंशांना २०,००० किलोमीटर आणि १२४ अंशांना दहा हजारांच्या आसपास. ११५ अंशांच्या पुढे तेलातून रोगणासारखा चिकट थर धातूवर बसू लागतो. १२५ अंशांच्या पुढे रबरी ऑइल सील कडक होतात आणि १४५ अंशांच्या पुढे प्लेटा घसरू लागतात. १५५ च्या पुढे सील आणि प्लेटांचे अस्तर करपते, आणि मग बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

हे कोष्टक जुन्या खनिज तेलांचे आहे, हे सांगितलेच पाहिजे. नव्या संश्लेषित तेलांची सहनशक्ती बरीच अधिक असून काही उत्पादक आपल्या गिअरपेट्या मुद्दाम जरा गरम चालू देतात, कारण गरम तेल पातळ होऊन इंधन वाचते. तेव्हा ‘१०२ अंश, ४०,००० किलोमीटर’ हा आकडा नियम म्हणून भिंतीवर टांगण्यात अर्थ नाही; अंतिम शब्द त्या त्या गाडीच्या पुस्तकाचा. परंतु कोष्टकाची चाल खरी आहे, आणि तिला रसायनशास्त्राचा आधार आहे. स्वीडनचा शास्त्रज्ञ आरेनियस याने १८८९ साली तपमान व रासायनिक क्रियेची गती यांचा संबंध मांडला. त्यावरून आलेला व्यवहारातला ठोकताळा असा की दर दहा अंशांना क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. तेलाचे बिघडणे म्हणजे मुख्यतः हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग. प्रयोगशाळेतला दहा अंशांचा ठोकताळा आणि गॅरेजमधला अकरा अंशांचा, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच साक्ष द्यावी तसे हे आहे.

बिघाड पुढे कसा वाढतो हेही पाहण्यासारखे आहे. संयोगातून आम्ले तयार होतात व रोगणासारखा थर साचतो. गिअर केव्हा बदलावयाचा हे ठरविणारे व्हाल्व अत्यंत बारीक फटींतून सरकत असतात. ते अडखळू लागतात. गिअर उशिरा पडतो किंवा धक्का देऊन पडतो. तिकडे सील कडक झाल्याने तेलाचा दाब गळतो, दाब कमी म्हणून प्लेटा पुरत्या आवळत नाहीत, आवळत नाहीत म्हणून घसरतात, आणि घसरतात म्हणून अधिक तापतात. एकदा हे दुष्टचक्र फिरू लागले की नवे तेल घालूनही ते थांबतेच असे नाही. ‘तेल बदलले आणि गिअरपेटी गेली’ अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती बहुधा अशाच गाडीविषयी असते, जिचे तेल फार उशिरा बदलले गेले.

अति थंडीही वाईटच; तेल घट्ट होऊन पंपाला ते ओढवत नाही. म्हणून या तेलांची उणे ४० अंशांवर चाचणी घेतात. लडाखमध्ये वाहने चालविणाऱ्यांना त्याचे महत्त्व कळेल. महाराष्ट्राचा प्रश्न उलट टोकाचा आहे.

घाट, उन्हाळा आणि खाण

गरम तेल एका नळीने बाहेर काढून बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या एका कप्प्यात फिरवितात. काही गाड्यांत त्याशिवाय पुढच्या जाळीमागे स्वतंत्र ऑइल कूलर असतो. रेडिएटरमधले पाणीच नव्वद अंशांच्या आसपास असल्यामुळे तेल त्याहून फार थंड होण्याची आशा बाळगता येत नाही. हवेवर चालणाऱ्या कूलरचे गणित निराळे. त्याची थंड करण्याची शक्ती तेल व हवा यांच्या तपमानांतील फरकावर अवलंबून असते. तेल ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर, तर फरक ७० चा. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. फरक उरतो ५० चा. म्हणजे तोच कूलर, तेच तेल, पण थंड करण्याची शक्ती सुमारे तीन दशांशाने घटलेली. त्यात कूलरच्या पापुद्र्यांत काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू आणि किडे अडकलेले असले, तर उरलेल्या शक्तीचाही भरवसा नाही. त्या जिल्ह्यातील उघड्या कोळसा खाणींत अवजड डंपर भरल्या पाटीने उतार चढून वर येतात. तेथे कूलरची सफाई हे रोजचे काम होऊन बसते, ते आवडीनिवडीने नव्हे.

सह्याद्रीत उन्हाचा चटका कमी असला तरी चढ आणि वाहतुकीची कोंडी एकत्र येतात. बोरघाट, कसारा, आंबा, पसरणी, यांपैकी कोठेही रविवारी सायंकाळी रांग लागते. गाडी चढावर उभी, पुढची गाडी दोन हात सरकते, पुन्हा थांबते. अशा वेळी अनेक चालक ब्रेक न वापरता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरतात. साध्या गाडीत क्लचवर गाडी तोलण्याची जी खोड असते तीच ही; तेथे क्लचप्लेट जळाल्याचा वास येतो व शेजारी बसलेलाही नाक मुरडतो, येथे तेल मुकाट्याने तापते. वर हिशेब मांडलेली स्थिती ती हीच : इंजिनाचा जोर आत, चाके स्थिर. शिवाय गाडी उभी असल्याने कूलरला समोरून वारा नाही. ब्रेकवर गाडी धरणे हा यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो सांगताना संकोच वाटावा. पण प्रशिक्षणात तो फारसा सांगितला जात नाही. थांबणे लांबले तर हँडब्रेक ओढून गिअरची दांडी ‘एन’ वर घ्यावी. चढ लांब असेल तर दांडी खालच्या गिअरवर ठेवावी, म्हणजे यंत्रणा वरचा-खालचा गिअर आलटूनपालटून घेत बसत नाही आणि कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते.

तेल तापल्याचा संशय आला, धोक्याचा दिवा लागला किंवा करपट वास आला, तर चालकाची पहिली प्रवृत्ती इंजिन बंद करण्याची असते. ती येथे चुकीची ठरते. तेल फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन थांबले की तेल कूलरकडे जाणे थांबते आणि जागच्या जागी मुरते. गाडी कडेला घेऊन दांडी ‘पी’ किंवा ‘एन’ वर ठेवावी आणि इंजिन साध्या आवर्तनांपेक्षा किंचित वर काही मिनिटे चालू द्यावे. तेल गळत असेल किंवा इंजिनाचे पाणीच उकळत असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. एवढा विवेक चालकाजवळ असावा लागतो, आणि तो केवळ सूचनापत्रकाने येत नाही.

पंपाच्या याच गोष्टीतून दुसरा एक धोका उद्भवतो. ग्रामीण भागात बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढीत नेण्याची पद्धत आहे. मदतीला धावून जाण्याची ही वृत्ती चांगलीच. परंतु स्वयंचलित गाडीची चालक चाके जमिनीवर ठेवून ती दूरवर ओढली, तर गिअरपेटीचे भाग फिरत राहतात आणि इंजिन बंद असल्याने त्यांना वंगण मिळत नाही. दहा-पंधरा किलोमीटरची ही मदत गिअरपेटीचा घास घेऊ शकते. चालक चाके उचलून, अथवा सगळी गाडीच ट्रकवर चढवून नेणे हाच मार्ग. तसेच अशी गाडी ढकलून सुरू होत नाही. गावातल्या दहा माणसांनी घाम गाळला तरी नाही.

नाल्यावरचे यंत्र

राज्यात २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यापासून बॅकहो यंत्र आणि ग्रामपंचायत यांची गाठ घट्ट झाली. यंत्र तासावर भाड्याने घेतले जाते. पावसाळ्यापूर्वी काम उरकावयाचे असते, म्हणजे हंगाम मार्च ते मे, वर्षातला सर्वांत तापता काळ. पुढची बकेट ढिगाऱ्यात खुपसून यंत्र पुढे रेटले जाते तेव्हा चाके क्षणभर अडतात व इंजिन गुरगुरते. चालक कसलेला असेल तर तो बकेट उचलून घेतो, थोडा मागे येऊन पुन्हा जातो. नवशिका असेल तर रेटीतच राहतो. चाके जागी, इंजिन पूर्ण जोरात. पुन्हा दर मिनिटाला पुढे-मागे होणे आहेच. मोटारगाडी दिवसाकाठी जेवढा वेळ या अवस्थेत काढील तेवढा हे यंत्र एका तासात काढते. म्हणून या यंत्रांच्या तेलबदलाचा हिशेब किलोमीटरवर नसून तासांवर असतो आणि त्यासाठी तास मोजणारे मीटर यंत्रावर बसविलेले असते.

यंत्र खाजगी मालकाचे असते. मग त्याच्या तेलाशी पंचायतीला काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी करील. देणेघेणे असे की मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात यंत्र नाल्यात बंद पडले तर नवे यंत्र त्या दिवसांत मिळत नाही आणि अर्धवट उकरलेला नाला पहिल्याच पावसात कडेच्या मातीने भरून जातो. पैसा गेला, पाणीही गेले. यंत्र ठरविताना दर तासाचा भाव विचारण्याबरोबर तास-मीटरचे वाचन आणि शेवटचा तेलबदल किती तासांवर झाला हे विचारले, तर ठेकेदार दचकेल खरा. पण ज्याचे उत्तर तयार असेल त्याचे यंत्र घेण्यात पंचायतीचा फायदा आहे. दुपारी बारा ते तीन यंत्राला विसावा देऊन सकाळ-सायंकाळ काम घ्यावे, ही रीत काही गावांनी माणसासाठी ठेवली. ती यंत्रालाही मानवते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या सारख्या नव्हेत

येथे एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. क्लचचे पेडल नाही म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आहे असे नव्हे. भारतात २०१४ पासून लहान गाड्यांत एएमटी नावाची यंत्रणा मोठ्या प्रमाणावर आली. तीत गिअरपेटी नेहमीचीच, क्लचही नेहमीचाच. फक्त तो दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम चालकाऐवजी यंत्र करते. तिच्यात वर वर्णन केलेले तेल नसते, मात्र चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलली तर क्लचप्लेट तितक्याच इमानाने जळते. सीव्हीटी जातीच्या गिअरपेटीत धातूचा पट्टा असतो व तिचे तेल स्वतंत्र. दोन क्लचांच्या गिअरपेटीचे तेल आणखी वेगळे. एकाचे तेल दुसरीत घालणे म्हणजे औषधाची बाटली नुसता रंग पाहून घेण्यासारखे आहे. भांडारात ‘गिअर ऑइल, तांबडे’ अशी नोंद असलेला डबा दिसला तर भांडारपालाने तो बाजूला काढून त्यावर मानकाचे नाव घालून घ्यावे.

तेलाची परीक्षा

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत तेल मोजण्याची डिपस्टिक असते. तेल तापल्यावर फुगते, म्हणून पातळी बहुधा गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून पाहतात. थंड असता भरपूर दिसावी म्हणून घातलेले तेल गरम झाल्यावर जास्त होते, फिरत्या भागांना लागून फेसाळते, आणि फेसाळलेले तेल ना दाब देते ना थंडावा. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नाही. तेथे उपकरण जोडून तेलाचे तपमान ठरावीक अंशांवर आले म्हणजे तळाचे बूच काढून पातळी पाहावी लागते. हे काम रस्त्याकडेच्या गॅरेजात करून घेऊ नये.

डिपस्टिक असेल तर तिच्यावरील थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून पाहणे हा साधा व उपयोगी प्रयोग आहे. थेंब पसरला आणि तांबूस राहिला तर ठीक. पसरतच नाही, मध्ये काळा ठिपका राहतो आणि करपलेला वास येतो, तर तेल गेले. केवळ गडद रंगावर निकाल देऊ नये, कारण काही तेले लवकर काळवंडतात. वास अधिक खरे बोलतो. तेल दुधाळ गुलाबी, ताकात कुंकू पडल्यासारखे दिसले तर रेडिएटरमधला कप्पा फुटून पाणी तेलात शिरले आहे असे समजावे आणि गाडी हलवू नये. त्या पाण्यातील ग्लायकॉलने प्लेटांच्या अस्तराचा गोंद सुटतो, आणि मग तेल बदलून भागत नाही.

‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ असे काही उत्पादक सांगतात. आयुष्य कोणाचे, गिअरपेटीचे की हमीच्या मुदतीचे, हे मात्र स्पष्ट केलेले नसते. त्याच उत्पादकांच्या पुस्तकात पुष्कळदा ‘अवघड वापर’ असे एक लहान कोष्टक असते. डोंगराळ रस्ते, अति उष्ण हवामान, धूळ, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, जड ओझे ओढणे, या वापरासाठी तेलबदलाचे अंतर कमी सांगितलेले असते. महाबळेश्वर किंवा सावंतवाडीकडे नियमित फेऱ्या करणारी गाडी या कोष्टकात बसते, तशीच विदर्भात उन्हाळाभर दौऱ्यावर असलेलीही. पण शासकीय लॉगबुकात किलोमीटर, इंधन आणि प्रयोजन यांचे रकाने असतात. घाट किती, कोंडीत किती वेळ, याचा रकाना नसतो. त्यामुळे वीस हजार किलोमीटर महामार्गावर धावलेली गाडी आणि तेवढीच घाटात झिजलेली गाडी कागदावर जुळी भावंडे दिसतात. गिअरपेटी अकाली गेली की चौकशीत चालकाच्या हलगर्जीपणावर बोट ठेवणे सोपे जाते. पुस्तकातले बारीक अक्षरांतले कोष्टक कोणी उघडलेले नसते. शेरा लिहिण्याच्या जागेत ‘आज घाट, कोंडी दोन तास’ एवढे चार शब्द चालकाने लिहिले आणि अधिकाऱ्याने महिन्याकाठी ते वाचले, तर तेल केव्हा बदलावयाचे याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. चालकाच्या दृष्टीनेही ती नोंद त्याच्या बाजूचा पुरावा ठरते.

काढलेल्या जुन्या तेलाविषयी थोडेसे. खेड्यांतून असे तेल मागून नेण्याची चाल आहे : वाळवी लागू नये म्हणून वाशांना लावावयास, बैलगाडीच्या आसाला घालावयास. उरलेले नाल्यात किंवा उकिरड्यावर ओततात. वापरलेल्या तेलाचा समावेश २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या केंद्रीय नियमांत होतो. ते बंद डब्यात साठवून, डब्यावर तारीख टाकून, पुनर्प्रक्रियेचा परवाना असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावयाचे असते. ज्या नाल्याच्या खोलीकरणासाठी यंत्र आणले त्याच नाल्याच्या काठी यंत्राचे तेल बदलले जाते, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने काम सुरू होण्याच्या दिवशीच तेलबदलाची जागा पाण्यापासून दूर नेमून द्यावी आणि रिकामा डबा कोणी आणावयाचा हे ठेकेदाराकडून लिहून घ्यावे.